अंथुर्ण्याच्या टेपा कोणी नेल्या

हे लिहायला मला एका खोट्या वाक्याने भाग पाडलं. पंक रॉकचे चाहते इंटरनेटवर एक पान चालवतात. त्यावर कुणीतरी लिहिलं आहे की इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्यात त्या संगीताच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या टेपा होत्या, आणि नव्वदच्या दशकात पुण्याची एक बाई गोड बोलून त्या सगळ्या उचलून घेऊन गेली. ती बाई मी. गोड मी कुणाशीच बोलत नाही, माझे विद्यार्थी साक्ष देतील. उचलूनही काही नेलेलं नाही. त्या पानावर उत्तर द्यायला गेले तर टोपणनावांच्या पोरांशी वाद घालत बसावं लागेल, म्हणून तो प्रवास इथेच सगळा लिहून ठेवते. ज्यांना त्या बाजूला जायचं आहे त्यांना रस्त्याची माहितीही मिळेल.

मुकुंद माझा धाकटा भाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा तो वाईहून पुण्यात कॉलेजला आला आणि हॉस्टेलवर राहिला. आमचा मामा बोटीवर होता. त्याने लंडन-न्यूयॉर्कहून पाच टेपा आणून दिल्या होत्या, आणि मुकुंदला दुसरं काही सुचेनासं झालं होतं. तेविसाव्या वर्षी तो काविळीने गेला. घरात कुजबुज होती की खेड्यातल्या मित्रांकडे जाऊन नको तिथलं पाणी प्यायला. मित्रांची नावं मला ठाऊक होती, चेहरे नव्हते.

त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी आईच्या नावाने एक पोस्टकार्ड आलं, वाईच्या जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत पुण्याला. ‘मुकुंदचा आवाज आमच्याकडे टेपवर आहे. मूळ टेपा तुमच्याकडे असतील तर घेऊन यावे.’ खाली दोन सह्या: ज्ञानदेव, अंथुर्णे. रफिक, इंदापूर.

मी ते दोनदा वाचलं. पहिलं वाक्य आमिष आणि दुसरं मागणं, हे मला लगेच दिसलं. इतकी वर्षं आवाज जवळ होता तर आत्ताच कशी आठवण झाली? पण कार्ड आईच्या हातात पडलं होतं. तिच्याकडे मुकुंदचे फोटो होते, त्याचा स्वेटर होता, आवाज नव्हता. तिने मला काही विचारलं नाही. बाजारातून नवे सेल आणवले, आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातले आणि टेपरेकॉर्डर पुसून देवाच्या खोलीत नेऊन ठेवला. आता जाणं आलंच. मी ठरवलं की कानांनी ऐकल्याशिवाय हातातलं काही सोडायचं नाही. टेपांचा पत्र्याचा डबा पिशवीत सगळ्यात खाली, त्यावर दोन साड्या.

स्वारगेटहून सकाळची बारामती गाडी धरली. सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता. सकाळच्या गाडीत उजवीकडे बसावं, डावीकडे ऊन तोंडावर येतं. दिवे घाटात पुढच्या सीटवरची मुलं हमखास ओकतात, तेव्हा पुढची जागा मोकळी दिसली तरी मोहात पडू नये. जानेवारी होता. मोरगाव सोडल्यावर उसाच्या बैलगाड्या लागल्या आणि आमचा ड्रायव्हर त्यांच्या मागे मुकाट्याने चालला.

बारामतीत मी मुद्दाम मुक्काम केला. थेट अंथुर्ण्याला उतरण्याआधी या दोघांची चौकशी करायची होती. स्टँडजवळच्या लॉजवर कारकुनाने सोबत कोण आहे असं विचारलं. मी म्हटलं, खोलीचं दार आतून नीट लागतं का ते आधी दाखवा. त्याने दाखवलं आणि पुढे काही विचारलं नाही. बायकांसाठी म्हणून सांगते, खोली रस्त्याच्या बाजूची मागावी. गोंगाट असतो, पण उजेडही असतो. जेवायला मागच्या गल्लीतली खानावळ चांगली निघाली. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, वर ताक. ठेचा मागितल्याशिवाय वाढत नाहीत, शहरी माणसाच्या जिभेवर त्यांचा विश्वास नाही.

संध्याकाळी मी एका कॅसेटच्या दुकानात शिरले आणि भजनाची कॅसेट बघत बघत इंदापूरच्या रफिकचं नाव काढलं.

दुकानदार हसला. “रफिकभाई? त्यो टेप इकत न्हाय बाई, ऐकवतो. आन ऐकल्याबिगर माणूस सोडत न्हाय.”

काय ऐकवतो, असं मी विचारलं.

“इंग्लंडची भांडणं,” तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

याने माझा संशय कमी झाला नाही. पिशवी मी उशाशी घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी इंदापूर गाडीने अंथुर्ण्याला उतरले. हा रस्ता सुखाचा आहे. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच पाट. मी पत्राने कळवलं होतं, त्याप्रमाणे गावाच्या फाट्यावर ज्ञानदेव मोटरसायकल घेऊन उभा होता. पस्तिशी ओलांडलेला, कपाळ मोठं झालेला, पांढरा शर्ट. मुकुंदच्या मित्राबद्दल माझ्या डोक्यात जे चित्र होतं त्यातलं काहीच त्याच्यात नव्हतं, त्यामुळे हा खरा ज्ञानदेव की दुसराच कुणी, असंही मनात आलं. त्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला. मी दिली नाही.

त्याची वस्ती शेतात होती. घराण्यात पूर्वी मेंढरं होती, ती विकून आता ऊस आणि थोडी डाळिंबं. ओसरीवर बाजेवर त्याचे वडील बसले होते, सगळे त्यांना आबा म्हणत. रफिक इंदापूरहून आधीच येऊन बसला होता, समोर एक मोठा जुना टू-इन-वन घेऊन. बोटांना कल्हईसारखे डाग, खिशाला टेस्टर. चहा आला. मी आधी आवाज ऐकते म्हटलं.

“ताई, चहानं आवाज जात न्हाय,” ज्ञानदेव म्हणाला. मग मी चहा घेतला.

पण टेप लावायच्या आधी त्यांना बोलायचं होतं, आणि ती बोलणी थांबवणं माझ्या हातात नव्हतं. तिघे एकाच हॉस्टेलवर होते, पण तिथे टेपरेकॉर्डरला बंदी होती, म्हणून एका सुट्टीत मुकुंद टेपा घेऊन या वस्तीवर आला. रफिकने वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून दोन मशीन उचलून आणली. एकावर वाजवायचं आणि दुसऱ्यावर उतरवून घ्यायचं. लंडनच्या एका मासिकातला फोटो मुकुंदने दाखवला होता: गाणारे लोक फाटक्या कपड्यांना सेफ्टी पिना लावून उभे. फाटक्याचं आम्हाला नवल नव्हतं, पिनांचं होतं, असं रफिक म्हणाला. पिना ज्ञानदेवच्या आईच्या बांगडीतून काढल्या. केस मेंढरं कातरायच्या कातरीने कापले, कारण फोटोत तसेच दिसत होते, कुठे आखूड, कुठे उभे.

“मला वाटलं पोरास्नी खरूज झाली,” आबा म्हणाले. “तिघास्नी बी मेंढराचं औशद लावलं.”

“माझं डोसकं आठ दिस जळत हुतं,” रफिक म्हणाला.

यातला एक शब्दही मुकुंदने घरी सांगितला नव्हता. तो त्या सुट्टीनंतर टोपी घालून आला होता, एवढं मला आठवलं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

मग दोघांचं भांडण सुरू झालं. ज्ञानदेव लंडनवाला, रफिक न्यूयॉर्कवाला. आधी कुणी केलं, चोरलं कुणी, रागावलेलं कोण आणि नुसता रागाचा आव कोण आणतो, हा वाद ते तेव्हापासून घालत होते. टेपांवर नावं नीट लिहिलेली नव्हती, म्हणून गाणाऱ्यांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक खोकल्या, एक दातकड्या, एक पळपुट्या, कारण त्याचं प्रत्येक गाणं सुरू होतं न होतं तोच संपायचं. शब्द त्यांना कळत नसत. “पर मास्तरास्नी उलटं बोलत्यात, येवढं कळायचं,” असं ज्ञानदेव म्हणाला आणि मी मास्तरीण आहे हे आठवून गप्प बसला.

त्या दिवसांपासून त्यांच्यात एक रीत पडली होती. टेप दुसऱ्याला द्यायची तर देणाऱ्याने तिच्या शेवटी, उरलेल्या जागेत, आपलं नाव आणि घेणाऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नाव नाही ती टेप चोरीची. मुकुंदने ज्ञानदेवला दिलेल्या टेपच्या शेवटी मुकुंद होता. इतकी वर्षं ती सांगायची राहिली, कारण मुकुंद गेल्याचं त्यांनाच फार उशिरा कळलं. आता ती टेप घासत चालली होती. सगळी झिजायच्या आत आईला ऐकवावी आणि मूळ टेपांवरून गाणी पुन्हा उतरवून घ्यावीत, असा त्यांचा विचार होता. ऐकायला सरळ होतं. मला सरळ गोष्टींचाच जास्त संशय येतो.

मी म्हटलं, लावा.

रफिकने टेप शेवटापर्यंत पुढे नेली आणि बटण दाबलं. खरखर. मागे कोकरांसारखं काहीतरी ओरडत होतं. मग आवाज आला. “ही टेप मुकुंदनं ज्ञानदेवला दिली. अंथुर्ण्यात. पुढं देताना नाव सांगून द्यायची.”

बारीक, चिरका, घाईचा आवाज. दहा-बारा वर्षांच्या पोराचा. मुकुंद तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याचा आवाज आमच्या वडिलांसारखा भरदार होता.

“हा माझा भाऊ नाही,” मी म्हटलं.

रफिक म्हणाला, तो मुद्दाम चेष्टेने बारीक आवाज काढतोय. मी म्हटलं, मुकुंदने आयुष्यात कधी आवाज बदलून चेष्टा केली नाही. कोणत्या पोराकडून हे बोलून घेतलंत ते सांगा. ज्ञानदेवचा चेहरा उतरला. आबा बाजेवरून उठले. मी पिशवी मांडीवर ओढली. आईला घरी जाऊन काय सांगायचं, याचा विचार मी तेव्हाच सुरू केला होता.

ज्ञानदेव म्हणाला, “आमी खोटं, तर तुमचं खरं काय हाय ते तरी दावा.”

मी डबा काढला. एक मूळ टेप त्याच्या हातात न देता मीच मशीनमध्ये घातली. गाणं सुरू झालं. दोघे पुढे वाकले. बघता बघता दोघांच्याही कपाळाला आठ्या पडल्या. रफिकने बटण दाबून टेप काढली, उलटसुलट बघितली, पुन्हा लावली.

“ताई, ही ती टेप न्हाय,” तो म्हणाला.

“मामाने आणलेली हीच आहे.”

“गाणं त्येच हाय. पर ह्ये कुणीतरी म्हाताऱ्यांनी वाजीवलंय. आमचा खोकल्या असा दमत न्हाय.” आणि पुन्हा टेपकडे बघत तो हळूच म्हणाला की चांगल्या टेपा घरी ठेवून बाईने दुसऱ्याच आणल्या.

मला आयुष्यात चोर म्हणणारा तो पहिला माणूस. ते मला लबाड समजत होते, मी त्यांना, आणि मध्ये मशीन. मी परतीच्या गाडीची वेळ विचारली. ज्ञानदेवने ती सांगितली, पण आबा म्हणाले की त्या पोराचं नाव पुन्हा एकदा ऐकू द्या आणि मग काय तो निकाल करा. म्हणून रफिकने त्यांची टेप पुन्हा लावली, यावेळी शेवटच्या गाण्यापासून. ते गाणं खरोखर भरधाव होतं. माणसं पळता पळता गात असावीत तसं.

तेवढ्यात लाईट गेली. त्या भागात दिवसा जायचीच. मशीन थांबलं नाही, आपोआप सेलवर गेलं. सेल जुने होते. गाण्याचा वेग पडू लागला, हळूहळू, उतारावरून सपाटीला आलेल्या गाडीसारखा. आणि ते गाणं माझ्या टेपवरचं झालं. तोच वेग, तोच दमलेला खोकल्या. रफिकने बंद करायला हात नेला तो तसाच हवेत राहिला.

गाणं संपलं. खरखर. मागचं ओरडणं आता जाड झालं होतं. आबा म्हणाले, “ही आपली मेंढरं.”

आणि मुकुंद बोलला. “ही टेप मुकुंदनं ज्ञानदेवला दिली.” वडिलांसारखा तोच भरदार आवाज, ‘दिली’वर थोडा घसरणारा. वाक्य पुढे जाईल तसा आवाज आणखी जड होत गेला. ‘नाव सांगून द्यायची’ म्हणेपर्यंत तो चाळिशीच्या, मग साठीच्या माणसाचा झाला, त्याच्या वाट्याला न आलेल्या वयांचा, आणि थांबला.

मी पदराने तोंड पुसलं. ऊन होतं.

काय झालं होतं ते मग त्या दोघांनी बोलता बोलता जुळवलं. त्या सुट्टीत वस्तीवर एकच जोडणी होती. मुकुंदच्या टेपा वाजवणारं मशीन विजेवर लावलं आणि उतरवून घेणारं सेलवर. सेल मेंढरांमागे रात्री फिरायच्या बॅटरीतले, आबांचे, अर्धे संपलेले. उतरवणारं मशीन हळू फिरत होतं, म्हणून उतरलेलं सगळं नंतर जलद वाजू लागलं. मूळ त्यांनी एकदाच ऐकलं होतं, तेही ओरडत, नाचत. बाकी इतकी वर्षं ज्याच्यावर भांडले, ज्याच्या वेगावर न्यूयॉर्क मोठं की लंडन हे ठरवलं, तो वेग आबांच्या बॅटरीने दिलेला होता.

रफिक डोक्याला हात लावून हसत सुटला. ज्ञानदेव हसला नाही. तो म्हणाला, “तुमची टेप बरूबर आसंल ताई. पर आमी ह्ये ऐकलंच न्हाय कवा.” रफिकला मूळ टेपा हव्याच होत्या. ज्ञानदेवला आता त्यांचं काही वाटत नव्हतं.

आवाजाची टेप मी मागितली नाही. ती ज्ञानदेवनेच दिली. ही आईपाशी राहू दे, आम्ही हिची नक्कल ठेवतो, असं म्हणाला. पुढच्या सगळ्या गोष्टी दुपारी इंदापुरात रफिकच्या दुकानात झाल्या. शेळगाव, निमगाव केतकी ओलांडून इंदापूर लागतं. उजनीचं पाणी आल्यापासून तिथले मासे प्रसिद्ध आहेत, ज्यांना चालतं त्यांनी खावेत. रफिकच्या घरून मला वेगळ्या भांड्यात मेथीची भाजी आणि भाकरी आली, ती मी दुकानातच खाल्ली. भांडं नवं आणलेलं होतं, त्यावरचा कागद अजून निघाला नव्हता.

रफिकने नक्कल करताना विचारलं की आता वेग सुधारून घ्यायचा का. ज्ञानदेव म्हणाला, “हाय तसाच.” मग रफिकने जुन्या सेलचं खोकं काढलं आणि एकेक जोडी घालून मला आवाज ऐकवत गेला, शिंप्याने माप घ्यावं तसा. हा बारीक. हा जाड. हा थोडा अजून. एका जोडीला मी हात वर केला. ते सेल त्याने कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि हे सांभाळून, रोज लावू नका, असं बजावलं.

आता माझी पाळी होती. देणारी मी होते. मूळ टेपांच्या कडेला रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून खाच असते, तिच्यावर त्याने चिकटपट्टी लावली आणि माईक पुढे केला. मी सांगितलं की मी मुकुंदची बहीण आणि या टेपा ज्ञानदेव व रफिक यांना दिल्या. पाचही टेपांवर तेच.

“हजेरी घेतल्यागत वाटलं,” ज्ञानदेव म्हणाला.

निघताना रफिकने मघाच्या बोलण्याबद्दल काही म्हटलं नाही, मीही नाही. दोघांचे हिशेब बरोबरीत होते.

इंदापूरहून परतताना बारामतीमार्गे येऊ नये. सोलापूर रस्त्याने थेट पुण्याची गाडी मिळते, वेळ वाचतो. खिडकीतून बघण्यासारखं विशेष नाही, मीही बघितलं नाही. आईला कसं समजवायचं, याची मी मनात मांडणी करत होते: आधी वेग, मग सेल, मग आवाज.

मांडणीचा उपयोग झाला नाही. मी पाय धुऊन येईपर्यंत आईने पिशवीतून टेप काढून लावलीही होती, तिच्या नव्या सेलवर. तो बारीक चिरका आवाज देवाच्या खोलीतून आला. मी धावले आणि बंद करायला वाकले. आईने माझं मनगट धरलं.

“थांब,” ती म्हणाली. संपल्यावर तिने टेप मागे घेतली आणि पुन्हा ऐकली. “हा चौथीतला.”

मी तिला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग मी कागदातले सेल घालून मोठ्या मुकुंदचा आवाज लावला. तोही तिने मान खाली घालून पूर्ण ऐकला, डोळे टिपले.

“हाही तोच,” ती म्हणाली. “पण हा पुण्याला गेलेला. तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय याला. तो वाईतला, तू पुण्याला शिकायला आल्यानंतरचा, माझ्याशिवाय कोणी ऐकला नाही. मला तो लाव.”

मी गणित शिकवते. कोणता वेग बरोबर हे मला सिद्ध करून दाखवता येतं. तरी आई असेपर्यंत ती टेप आमच्या घरी चुकीच्याच वेगाने वाजली, आणि नवे सेल मीच आणत राहिले. त्या संगीताबद्दल माझं मत विचाराल तर ते कर्कश आहे. मात्र अंथुर्ण्याचं लंडनपेक्षा जलद आहे, हे मी कुणालाही लिहून देईन.

जे दिलं-घेतलं गेलं ते असं. वाद असेल त्याने टेपा शेवटापर्यंत ऐकाव्यात.

माझ्याकडून रफिक व ज्ञानदेव यांना, इंदापुरात: मामाने आणलेल्या मूळ टेपा पाच, पत्र्याच्या डब्यासह.

ज्ञानदेवकडून आईसाठी: मुकुंदच्या आवाजाची टेप एक.

रफिककडून मला: वापरलेले सेल, एक जोडी.

आई गेल्यावर, अंथुर्ण्याच्या वस्तीवर, ज्ञानदेवच्या हातात: तीच टेप, परत. तिच्या शेवटी मुकुंदनंतर जी थोडी जागा होती तिथे मी आईचं नाव सांगितलं, सुमती. देणारी ती होती.